धूर कोणाच्या खाती?

महाराष्ट्रात पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या कुठल्याही घरात जा, पायाखाली शहाबादी फरशी सापडेल. स्वयंपाकघराचा ओटा, धुणं धुवायची मोरी, शाळेचा व्हरांडा, एसटी स्टँडचा बाक, धर्मशाळेची पंगत बसायची ओसरी. करडी, थोडी निळसर, उन्हाळ्यात पाठ टेकली तर थंडगार. 'शहाबादी' हा शब्द आपण रंगाचं किंवा जातीचं नाव असावं तसा वापरतो. ते एका गावाचं नाव आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सोलापूरहून मद्रास लाइनने निघालं की अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड मागे पडतात, कलबुर्गी येतं आणि त्यानंतर शहाबाद. तिथून पुढे वाडी जंक्शन. वाडीला गाडी थांबते तेव्हा सिमेंट कारखान्याचे उंच मनोरे दिसू लागतात.

आमच्याकडच्या बायका या वाटेने पूर्वापार जात आल्या आहेत, त्या मळखेडच्या नेमिनाथ बसदीच्या दर्शनाला. मळखेड म्हणजे इतिहासातलं मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. आज त्या गावाची ओळख सांगायची झाली तर लोक सिमेंटच्या पोत्यावरचं नाव सांगतात. एकाच गावाच्या या दोन ओळखी मला बरीच वर्षं अस्वस्थ करत आल्या आहेत. त्यातूनच हा लेख लिहायला घेतला. हवामानबदलावर आपल्याकडे हल्ली पुष्कळ बोललं जातं. प्रदेशाची आर्थिक वाढ झाली की कार्बनचा धूर वाढतो, आणि प्रदेश पुरेसा श्रीमंत झाला की धूर हळूहळू उतरू लागतो, असं एक सूत्र अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मांडलेलं असतं. कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम, चित्तापूर, चिंचोळी या तालुक्यांना ते सूत्र लावून पाहिलं की ते अडतं. का अडतं, हे कळायला इतिहासात मागे जावं लागतं. फार मागे.

दगड

भीमेच्या आणि तिला मिळणाऱ्या कागिणेच्या खोऱ्यात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना भीमा समूह म्हणतात आणि त्यातल्या एका भागाला शहाबादचंच नाव आहे. पन्नास कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी हा चुना थरांवर थर साचत गेला. म्हणून तर हा दगड पहारीने उचकला की सपाट पापुद्र्यांत सुटतो आणि त्याची फरशी होते. पुढे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्ह्याने या थरांचा मोठा भाग झाकला. त्या लाव्ह्याच्या खडकापासून काळी माती झाली आणि त्या मातीत गुलबर्ग्याची प्रसिद्ध तूर पिकते. वर तूर, खाली चुनखडी अशी ही भूमी.

चुनखडी म्हणजे एका अर्थाने दगडात कोंडलेली हवा. हे अलंकारिक बोलणं नव्हे. शुद्ध चुनखडीचे शंभर किलो घेऊन भट्टीत भाजले तर छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. भट्टीला कोळसा लावा, लाकूड लावा, उद्या सूर्याची उष्णता लावा, हे चव्वेचाळीस किलो जायचेच. इंधनाचा धूर वेगळा, हा दगडाचा धूर वेगळा. पुढचा सगळा इतिहास समजायला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मान्यखेट

नवव्या शतकात अमोघवर्ष पहिला याच्या कारकिर्दीत मान्यखेट राष्ट्रकूटांची राजधानी म्हणून नावारूपाला आलं. अरब प्रवाशांच्या लिखाणात या राजांचा उल्लेख 'बल्हरा' असा येतो आणि त्यांच्या राजधानीचा 'मानकिर' असा. अमोघवर्षाला जिनसेनाचार्य गुरुस्थानी होते. पुढे दहाव्या शतकात पुष्पदंताने आपलं अपभ्रंश 'महापुराण' याच शहरात रचलं. 972 मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने हे शहर लुटलं आणि त्याचं वैभव संपलं.

मला या काळातला एक ग्रंथ विशेष जवळचा वाटतो, महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह'. त्यात अमोघवर्षाचा गौरव आहे, म्हणजे तो याच राजवटीतला. ग्रंथाच्या आरंभी आचार्य गणिताचं महत्त्व सांगतात. लौकिक व्यवहार असो की धर्मविचार, संगीत असो की पाकशास्त्र, सगळीकडे गणित लागतं, असा त्यांचा आशय आहे. ज्या राज्यात हिशेबाला एवढं मोल होतं, त्या राज्याच्या राजधानीजवळून आज रोज मालगाड्या भरून सिमेंट जातं. त्याच्या धुराचा हिशेब मात्र आपल्याला अजून नीट मांडता आलेला नाही.

राष्ट्रकूटांच्या आणि त्यांच्यानंतरच्या काळातही या भागात चुना भाजला जात होताच. बहमनी सुलतानांनी 1347 मध्ये गुलबर्ग्याला राजधानी केली. किल्ल्यातली मोठी जामा मशीद 1367 ची. पंधराव्या शतकात राजधानी बिदरला गेली आणि तिथे महमूद गावानचा मदरसा 1472 मध्ये उभा राहिला. या सगळ्या बांधकामांचा सांधा चुन्याचा. आपल्याकडे जुन्या काळी कळीचा चुना भिजवून विरवायचे, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे, वर गूळ, हिरडा, बेलाचा गर घालायचे. भिंतीत गेलेला हा चुना मग वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत राही आणि सावकाश पुन्हा चुनखडी होई. म्हणजे भट्टीत हवेला जे दिलं, त्यातलं बरंचसं भिंत परत घेई. जळणासाठी तोडलेल्या झाडांचा हिशेब वेगळा. पण दगडापुरतं बोलायचं तर ती उसनवारी होती आणि ती पुष्कळ अंशी फेडली जाई.

सिमेंटच्या काँक्रीटलाही ही सवय थोडी आहे. पण दाट काँक्रीटमध्ये हवा सहजी शिरत नाही, आणि लोखंडी सळ्या गंजू नयेत म्हणून तिने शिरू नये अशीच आपली इच्छा असते. त्यामुळे ही फेड फार थोडी आणि फार उशिरा होते. शिवाय चुन्याच्या भट्ट्या गावापुरत्या असत. चुना बैलगाडीने जाई, फार लांब जात नसे. ज्या गावाच्या आभाळात धूर, त्याच गावाच्या आसपास वाडे आणि देवळं. धूर आणि वाढ यांचा पत्ता एक होता.

रेल्वे आणि परमिट

हा पत्ता बदलला तो रेल्वेने. 1871 मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मद्रासकडून आलेली रेल्वे रायचूरला एकमेकींना मिळाल्या. 1874 मध्ये वाडीपासून सिकंदराबादला जाणारी निजामाची लाइन सुरू झाली. आता शहाबादचा दगड मुंबईला जाऊ शकत होता, आणि तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणी चालू झाल्यावर कोळसा इकडे येऊ शकत होता. चुनखडी, कोळसा आणि रूळ एकत्र आले की सिमेंटचा कारखाना निघायला वेळ लागत नाही. हिंदुस्थानात सिमेंटचं यशस्वी उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्यानंतर निजामाच्या मुलखात शहाबाद सिमेंट कंपनी उभी राहिली. 1936 मध्ये देशातल्या दहा सिमेंट कंपन्या एकत्र करून एसीसी स्थापन झाली, तेव्हा शहाबाद त्यात होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा गुलबर्गा आणि बिदर हे निजामाच्या राज्यातले जिल्हे होते. शाळा थोड्या, रस्ते थोडे, जहागिऱ्या मोठ्या. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा आणि बिदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. बिदरचे उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्राकडे आले. आमच्या कित्येक घरांत माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी वाटणी झाली ती तेव्हाची. बोलणं मराठी, सातबारा कन्नड, जुने कागद उर्दूत. हा प्रदेश म्हैसूरला नवा आणि बंगळुरूहून लांब, त्यामुळे कारखाने आले तरी ते इथल्या लोकांच्या मागणीवर आलेले नव्हते. जमिनीखाली दगड होता म्हणून ते आले. 1968 मध्ये वाडीला एसीसीचा कारखाना सुरू झाला.

पुढच्या टप्प्याचं कारण शोधायचं तर मुंबईला जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धापासून, मधला थोडा काळ सोडला, तर सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या हातात होतं. घर बांधायचं तर परमिट काढा. लग्नाच्या गोष्टींत 'मुलाच्या मामाची पुरवठा खात्यात ओळख आहे' हे वाक्य जमेच्या बाजूला धरलं जाई, असे ते दिवस. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी 1982 मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांना महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर लगेच, फेब्रुवारी 1982 मध्ये, केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. मालाचा एक भाग कारखानदार आता खुल्या बाजारात विकू शकत होता. 1 मार्च 1989 पासून नियंत्रण पूर्णच गेलं.

याचा परिणाम कागिणेच्या काठावर दिसला. 1984 मध्ये मळखेडला राजश्री सिमेंट, 1986 मध्ये सेडमला वासवदत्ता सिमेंट. 2001 मध्ये वाडीला एसीसीने वर्षाला 26 लाख टनांचा नवा कारखाना चालू केला, तेव्हा तो देशातला सर्वांत मोठा होता. पुढच्या दीड दशकात चित्तापूर आणि चिंचोळी तालुक्यांत आणखी कारखाने आले. मालकही बदलत गेले. राजश्री आणि वासवदत्ता आता अल्ट्राटेककडे आहेत, एसीसी 2022 पासून अदानी समूहाकडे. भारत आज चीनच्या खालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा सिमेंट उत्पादक आहे. 1981-82 मध्ये देशात सुमारे 2.1 कोटी टन सिमेंट तयार होत होतं, 2023-24 मध्ये ते 42 कोटी टनांच्या वर गेलं. चाळीस वर्षांत वीसपट.

कमी धूर, जास्त धूर

इथे कारखान्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत चुनखडीचा पाणी घालून केलेला रबडा भट्टीत जाई, आणि आधी ते पाणी आटवण्यातच ढीगभर कोळसा जळे. ऐंशीच्या दशकात कोरडी पद्धत रूढ झाली. भट्टीतून निघणारी गरम हवा कच्चा माल तापवायला वापरली जाऊ लागली. औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळाल्यावर उरणारी राख, पूर्वी नुसती ढिगाने पडलेली, सिमेंटमध्ये मिसळली जाऊ लागली, त्यामुळे तेवढा दगड कमी भाजावा लागतो. 1996 मध्ये भारतात एक टन सिमेंटमागे सुमारे 1.12 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. 2010 मध्ये तो 0.72 टनांवर आला, 2017 मध्ये 0.67 वर. जगाच्या तुलनेत ही कामगिरी चांगलीच म्हणायची.

पण टनामागचा धूर चाळीस टक्क्यांनी उतरला आणि टन मात्र वीसपट झाले. (दोन्ही आकड्यांची वर्षं अगदी जुळत नाहीत, पण दिशा कळायला एवढं पुरे.) एकूण धूर वाढलाच. आणि टनामागचा धूर अजून किती उतरणार यालाही मर्यादा आहे, कारण दगडातले ते चव्वेचाळीस किलो कुठल्याच नव्या यंत्राने कमी होत नाहीत. भट्टीत 1450 अंशांपर्यंत भाजून जो काळपट खडा तयार होतो, त्याला क्लिंकर म्हणतात. एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निव्वळ दगडातून येतो. जगाच्या एकूण कार्बनपैकी सात-आठ टक्के सिमेंटचा धरतात, तो यामुळे.

बिदर जिल्ह्याची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. तिथल्या वाढीचा आधार ऊस. हुमनाबाद तालुक्यात हल्लीखेडचा सहकारी कारखाना, भालकीकडे आणखी कारखाने. उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतो, धुराडं तिथेही आहे. पण चिपाडातला कार्बन उसाने गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. तो परत गेला आणि पुढच्या उसाने पुन्हा घेतला. उसाला लागणारं पाणी आणि खत यांचे प्रश्न मोठे आहेत, ते मी टाळत नाही. पण धुरापुरतं पाहिलं तर बिदरचं धुराडं वर्षा-दोन वर्षांची उसनवार करतं. सेडमची भट्टी कोट्यवधी वर्षांपूर्वी ठेवलेली ठेव मोडते. दोन शेजारी जिल्हे, दोघांनाही 'मागास' हे एकच विशेषण, आणि त्यांच्या धुराची जात इतकी वेगळी.

वाढ कुठे गेली?

आता त्या सूत्राकडे येऊ. सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने 1955 मध्ये विषमतेबद्दल एक कल्पना मांडली होती. देश वाढू लागला की विषमता आधी वाढते, मग उतरते. नव्वदच्या दशकात हीच कमान इतरांनी प्रदूषणाला लावली. गरिबीत धूर कमी, वाढीबरोबर धूर जास्त, समृद्धी आली की पुन्हा कमी. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ज्या प्रदेशात धूर, त्याच प्रदेशात वाढ.

कर्नाटक सरकारने नेमलेल्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. राज्यातल्या 175 तालुक्यांपैकी 114 मागास ठरले. त्यातले 39 'अति मागास', आणि या 39 पैकी 21 एकट्या गुलबर्गा विभागातले. त्या यादीत सेडम होतं, चित्तापूर होतं, चिंचोळी होतं. शहाबाद आणि वाडी ही गावं तेव्हा चित्तापूर तालुक्यातच होती. म्हणजे शहाबादच्या भट्टीला कैक दशकं उलटली होती, वाडीच्या कारखान्याला तेहेतीस-चौतीस वर्षं, मळखेडच्या कारखान्याला अठरा वर्षं. राज्यातली सर्वांत मोठी धुराडी आणि राज्यातलं सर्वांत मोठं मागासलेपण एकाच तालुक्यात नांदत होतं. पुढे 98 व्या घटनादुरुस्तीने कलम 371 जे आलं, हैदराबाद-कर्नाटकाला शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या, 2019 मध्ये प्रदेशाचं नाव 'कल्याण कर्नाटक' झालं. तरी राज्याच्या दरडोई उत्पन्नाच्या यादीत कलबुर्गी जिल्हा वर्षानुवर्षं तळाशीच दिसतो. वरच्या टोकाला बंगळुरू.

सिमेंटचा कारखाना भांडवल पुष्कळ खातो आणि माणसं थोडी घेतो. यंत्र जितकं नवं, तितकी माणसं कमी. पक्क्या नोकरीला शिक्षण लागतं, ते जवळ नव्हतं. उरलं कंत्राटी काम, लोडिंग आणि ट्रक. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीत संपतो. खनिजाचं स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं. खाणीच्या गावांसाठी जिल्हा खनिज निधी कायद्याने आला तो 2015 मध्ये.

आणि माणसं कुठे जातात? चिंचोळी, सेडम, चित्तापूरच्या तांड्यांवरची लमाणी कुटुंबं पावसाळा सरला की मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या बांधकामांवर जातात. पुण्यात एखाद्या नव्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्या दिसतात. तिथे पाणी भरणाऱ्या बाईला गाव विचारून पाहा, अनेकदा उत्तर 'गुलबर्गा' असतं. तिच्या गावचा दगड भट्टीतून पोत्यात आणि पोत्यातून याच इमारतीत आलेला असतो, आणि तो कालवायला तीही मागोमाग आलेली असते. घर दोघांचंही नाही.

आमच्या सोलापूरजवळ होटगीला सिमेंटचा कारखाना आहे. तिथे भट्टी नाही, फक्त दळण आहे. मळखेडला भाजलेलं क्लिंकर होटगीला येतं, त्यात राख आणि जिप्सम मिसळून दळलं जातं. पोतं सोलापूरचं म्हणून विकलं जातं, आणि धूर मळखेडला राहतो. जिल्हावार हिशेब मांडला तर सोलापूर स्वच्छ दिसेल, पुणे त्याहून स्वच्छ, आणि सेडम सगळ्यांत मळकं. आकडे खरे असतील, पण त्यांतून निघणारा अर्थ खोटा असेल.

कृत, कारित, अनुमोदित

आपण हजार चौरस फुटांचं घर बांधतो तेव्हा ठोकळमानाने चारशे पोती सिमेंट लागतं. म्हणजे वीस टन. वर दिलेल्या 0.67 च्या दराने त्याचा कार्बन तेरा टनांवर जातो. सरासरी भारतीय माणूस वर्षाकाठी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो. एका घराच्या सिमेंटमध्ये साडेसहा वर्षांचा धूर आला, तोही घरात राहायला जाण्याआधी. हे तेरा टन कोणाच्या खाती लिहायचे?

आमच्या घरांतल्या लहान मुलांनाही या प्रश्नाचं उत्तर शिकवलेलं असतं, फक्त ते दुसऱ्या संदर्भात. हिंसा स्वतः केली तर ती कृत. दुसऱ्याकडून करवली तर कारित. दुसऱ्याने केली आणि आपण मान डोलावली तर अनुमोदित. तत्त्वार्थसूत्रात हा हिशेब बारकाईने मांडला आहे. ठरवणं, साधनं जमवणं आणि प्रत्यक्ष करणं हे तीन, मन-वचन-काया हे तीन, कृत-कारित-अनुमोदित हे तीन, आणि कषाय चार. गुणाकार होतो 108. जपमाळेत 108 मणी का, याचं एक कारण हेच सांगतात. जबाबदारी ही एका ठिकाणी ठेवायची वस्तू नसून ती साखळीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला येते, हे या गुणाकारातून उमगतं. हवामानबदलाचे अभ्यासक आज 'उत्पादनावर आधारित' आणि 'उपभोगावर आधारित' असे दोन हिशेब मांडतात. पहिला फक्त कृत पाहतो, दुसरा कारित.

शास्त्रांनी श्रावकाला काही धंदे वर्ज्य सांगितले. हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'तल्या पंधरा धंद्यांच्या यादीत पहिलाच अंगारकर्माचा, म्हणजे भट्ट्यांवर चालणारा. स्फोटकर्मही त्यात आहे, म्हणजे जमीन खोदण्याचा, दगड फोडण्याचा. आमच्या लोकांनी भट्टी लावली नाही, खाण फोडली नाही, आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. पण पोत्यांचा व्यापार केला, इमारती बांधल्या, नवी मंदिरं आणि भक्तनिवास काँक्रीटचे उभारले. वर्ज्य धंद्यांची यादी कृताचं दार बंद करते. कारिताचं दार उघडंच राहिलं, आणि त्या दारातून आपण सगळेच गेलो आहोत. फक्त जैन नव्हे, मुंबई-पुण्यात सदनिका घेणारा प्रत्येकजण.

यावर कोणी म्हणेल, 'बाई, मग काय सिमेंट बंद करायचं? सेडमच्या बाळंतिणीला दवाखाना नको, कागिणेवर पूल नको?' हवा. सगळ्यात आधी तिथेच हवा. माझं म्हणणं इतकंच की ज्यांच्या नावावर धूर लिहिला जातो त्यांच्या वाट्याला सिमेंटही फार थोडं आलं. भारताने 2021 मध्ये ग्लासगोला जाहीर केलं की 2070 पर्यंत देश निव्वळ शून्य उत्सर्जनावर येईल. युरोपने सिमेंटसारख्या मालावर सीमेवरच कार्बनचा आकार लावायला घेतला आहे, आपल्याकडेही कार्बनच्या खरेदी-विक्रीची योजना आली आहे. यापुढे धुराला किंमत येणार. ती किंमत भट्टीपाशी वसूल झाली आणि तिथेच थांबली, तर कारखाना आधी कंत्राटी माणूस कमी करील. ती पोत्याबरोबर प्रवास करून पुण्याच्या सदनिकेच्या दरात दिसली, आणि तिच्यातला काही वाटा परत कागिणेच्या काठी शाळा, पाणी, दवाखाना होऊन आला, तर हिशेब काहीसा जुळेल.

वापरणाऱ्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. जिथे चुना पुरेसा आहे तिथे चुना वापरावा. जुन्या वाड्यांची आणि बसद्यांची डागडुजी तर चुन्यानेच करावी, सिमेंटने जुना दगड श्वास कोंडून फुटतो. कमी क्लिंकरचं सिमेंट मिळतं, ते मागावं. चांगली उभी इमारत पाडून नवी बांधण्याआधी दोनदा विचार करावा, कारण पाडलेल्या इमारतीचा धूर आधीच जाऊन बसलेला असतो, तो काही परत येत नाही.

मळखेडला गेल्यावर लोक बसदीत नेमिनाथांचं दर्शन घेतात, किल्ल्याची पडकी तटबंदी पाहतात आणि परततात. पुढच्या वेळी गेलात तर थोडं पुढे जाऊन खाणही पाहा. कोट्यवधी वर्षांचे थर पायऱ्यांसारखे उघडे पडलेले दिसतील. महावीराचार्य त्या काठावर उभे राहिले असते तर त्यांनी आधी खोली मोजली असती, मग घनफळ काढलं असतं, आणि मग विचारलं असतं की यातला माल कोणाकोणाकडे गेला. तिसरं गणित अजून सोडवायचं आहे, आणि त्याचा पहिला आकडा आपापल्या घराच्या पोत्यांचा आहे.